चाकांवरचा संसार आणि ऋतुमान

मोटारीतच अंथरूण, चूल आणि पाण्याचे पिंप बसवून महिना-महिना प्रवास करण्याची हौस अलीकडे सुशिक्षित तरुणांस लागली आहे. आमच्या परभणी जिल्ह्यास मात्र फिरता संसार नवा नाही. येथील कितीतरी कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास बैलगाडीवर वा ट्रॅक्टरवर बिऱ्हाड लादून ऊसतोडीस निघतात आणि हंगाम संपेपर्यंत ताडपत्रीच्या कोपीत राहतात. हौसेची मोटार आणि पोटासाठीची कोपी यांत अंतर फार. तथापि निसर्गाने दोहोंस घातलेले कोडे एकच आहे.

आपल्या जुन्या धाब्याच्या घरांच्या जाड मातीच्या भिंती दिवसाची उष्णता सावकाश शोषीत व रात्री सावकाश परत देत. पत्रा आणि ताडपत्री यांस ते सामर्थ्य नाही. सूर्य चढताच ती तापतात, मावळताच निवतात. आणि येथे तर वैशाखात पारा ४४ अंशांवर चढतो व पौषात कधी ५ अंशांच्याही खाली उतरतो.

उन्हाळ्यावर कोणी यंत्र सुचवील. थोडे गणित करू. १२ व्होल्ट, १०० ॲम्पिअर-तासांची बॅटरी सुमारे १.२ युनिट वीज साठविते. लहानसे वातानुकूलन यंत्रही ती तास-दीड तासात संपविते. ३० वॅटचा पंखा तिच्यावर दोन-तीन रात्री चालतो. म्हणून सावली, समोरासमोर दोन झरोके आणि वाळ्याचा ओला पडदा हाच खरा उपाय. वैशाखातील कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडून गारवा देते. आषाढाच्या दमट हवेत तो गुण फारसा उरत नाही.

थंडीचा प्रश्न अधिक गंभीर, कारण तो जिवावर बेततो. मुले कुडकुडू लागली की माउली शेगडी आत घेते व ताडपत्री घट्ट ओढते. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाही, वास नाही. रक्तातील ज्या द्रव्याने प्राणवायू वाहून न्यावयाचा, त्यास हा वायू प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट बिलगतो. निजलेल्यास जागही येत नाही. धूर नाही म्हणजे भय नाही, ही समजूत घातक होय. मोटारीत निजणाऱ्यांनी आणि बाळंतिणीच्या बंद खोलीत शेगडी ठेवणाऱ्या आपल्या घरांनीही हे ध्यानी धरावे.

तेव्हा ऊब अग्नीत न शोधता अंथरुणात शोधावी. देहाची ऊब गार जमीन ओढून घेते. म्हणून पांघरुणाइतकेच अंथरूण जाड हवे. खाली कडब्याचा थर, वर गोधडी. शेगडी निजण्यापूर्वी बाहेर, आणि हवेची वाट सदैव मोकळी.

वाचक भगिनींस एक विनंती. आपल्या चहातील साखरेमागे या कुटुंबांचे कष्ट आहेत. घरातील जुन्या लुगड्यांच्या दोन जाड गोधड्या दिवाळीपूर्वी शिवून द्याव्यात, आणि देताना शेगडीची गोष्टही सांगावी.