न दुखणाऱ्या हिरड्या

दाढ ठणकू लागली की माणूस रात्रीच लवंगेचं तेल शोधतो आणि सकाळी दवाखाना गाठतो. हिरडीतून रक्त आलं तर मात्र चूळ भरून कामाला लागतो, कारण दुखत काहीच नसतं. हा हिशेब किडलेल्या दाताला ठीक आहे, हिरडीला नाही. हिरड्यांचे बहुतेक विकार वर्षानुवर्षं न दुखता वाढतात. दात हलतोय म्हणून पहिली तक्रार येते, तोवर त्याला धरून ठेवणारं हाड बरंच झिजलेलं असतं.

निरोगी हिरडी घट्ट असते आणि दोन दातांच्या फटीत टोकदार होऊन बसते. रंग गुलाबीच हवा असं नाही. आपल्याकडे अनेकांच्या हिरड्यांवर जन्मजात तपकिरी-काळसर छटा असते आणि ती रोगाची खूण नव्हे. साध्या हिरडीदाहात कड लालसर, फुगीर, गुळगुळीत होते आणि ब्रश लागताच रक्त येतं. 1965 साली हॅराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी डेन्मार्कमधला एक प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी हिरड्यांच्या 12 जणांनी दात घासणं थांबवलं. 10 ते 21 दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या आणि घासणं पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवड्याभरात पूर्ववत झाल्या. रक्त येतं म्हणून ब्रश बाजूला ठेवणारे नेमकं उलटं करतात, ते यावरून कळावं. या टप्प्यावर हाड शाबूत असतं, म्हणूनच तो परतवता येतो.

पुढचा टप्पा म्हणजे लोक ज्याला पायोरिया म्हणतात तो. यात हिरडी आणि दात यांच्यामधली, एरवी तीन मिलिमीटरपर्यंतची खाच खोल होऊन तिचा कप्पा बनतो, दाताला धरून ठेवणारे तंतू तुटतात आणि हाड खाली सरकतं. हिरडी उतरल्याने दात लांब दिसतात, पुढच्या दातांत फटी पडतात, दाबल्यावर पू येतो, तोंडाला वास येतो. ‘वय झालं की दात पडायचेच’ हे यावरचं नेहमीचं उत्तर. लो यांच्याच चमूने 1970 पासून 15 वर्षं श्रीलंकेतल्या चहामळ्यांवरचे 480 मजूर तपासले. त्यांना दात घासण्याची सवय नव्हती, दंतवैद्यही मिळत नव्हता. तरी सुमारे 8 टक्क्यांत रोग झपाट्याने वाढला, 81 टक्क्यांत मध्यम गतीने, आणि 11 टक्के हिरडीदाहापलीकडे गेलेच नाहीत. वय हेच कारण असतं तर एकाच मळ्यात इतका फरक पडला नसता. दातांवर साचलेल्या किटणाच्या थराला कोणाचं शरीर कसं उत्तर देतं, यावर पुष्कळ काही ठरतं. म्हणून 2018 साली प्रसिद्ध झालेल्या या रोगाच्या वर्गीकरणात नुकसानीच्या टप्प्याबरोबर त्याचा वेगही नोंदतात, आणि तो ठरवताना मधुमेह व धूम्रपान जमेस धरतात. एका प्रकारात तर पौगंडावस्थेतच पहिल्या दाढा आणि पटाशीचे दात यांच्याभोवतीचं हाड झिजतं, तेही दातांवर फारसं किटण नसताना.

खरोखर दुखणारा प्रकारही आहे, पण तो विरळा: फटीतली हिरडी कुरतडल्यासारखी होते, वर करडा थर, उग्र दुर्गंधी आणि तीव्र वेदना. पहिल्या महायुद्धात खंदकांतले सैनिक त्याने हैराण झाले होते. याउलट विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं आणि आतला रोग झाकला जातो. मिश्रीने हिरडी बरी राहते ही आपल्याकडची समजूतही अशीच फसवी. ती भाजलेली तंबाखूच असते. म्हणजे रक्ताची खूणही सर्वांना पुरत नाही, कप्प्याची खोली मोजावीच लागते. शिवाय फुगलेल्या हिरडीमागे दरवेळी केवळ किटणच असतं असं नाही. गरोदरपण, फिट्सवरचं फेनिटोइन, रक्तदाबाच्या काही गोळ्या यांनीही ती वाढते. अचानक सूज, रक्तस्राव आणि सोबत फिकेपणा, ताप असेल तर रक्ताचा कर्करोगही तपासावा लागतो.

‘दात साफ करून घेतले आणि ते हलायला लागले’ ही तक्रार खोटी नसते, निष्कर्ष चुकीचा असतो. हाड आधीच गेलेलं असतं. कडक किटणाने दात एकमेकांना जखडून ठेवलेले असतात. ते निघालं की मूळचा ढिलेपणा जाणवतो. त्यानंतर सूज ओसरली की कप्पे उथळ होतात आणि अनेकदा दात थोडे घट्टही होतात. गेलेलं हाड मात्र सहसा आपोआप भरून येत नाही.