लहान अंगणातला लायलॅक

अमेरिका-कॅनडाच्या थंड भागात राहणाऱ्या मंडळींनो, जागा कमी म्हणून लायलॅकचा नाद सोडू नका! नेहमीचा लायलॅक १२-१५ फूट वाढतो, पण ‘पॅलिबिन’ ४-५ फुटांत आटोपतो. ‘मिस किम’ ६-७ फुटांपर्यंत जातो. दोघांचाही घमघमाट जोरदार, आणि पानांवर भुरी सहसा पडत नाही.

‘मिस किम’चं मूळ कोरियातलं. उद्यानतज्ज्ञ एल्विन मीडर यांनी १९४७ साली तिथल्या डोंगरावरून बी गोळा केलं आणि १९५४ मध्ये न्यू हॅम्पशायर विद्यापीठाने ही जात बाजारात आणली. शरदात हिची पानं छान लालसर-जांभळी होतात.

लावताना एवढं सांभाळा:

🌿 रोज किमान ६ तास ऊन. सावलीत झाड जगतं, पण फुलं रोडावतात.
🌿 पाण्याचा निचरा उत्तम हवा. मुळाशी पाणी साचलं की झाड खचतं.
🌿 लॉनचं नत्रयुक्त खत लांबच ठेवा, नाहीतर नुसता पाला माजतो.
🌿 छाटणी फुलं सरल्याबरोबर करा. पुढच्या वर्षीच्या कळ्या उन्हाळ्यातच धरतात; थंडीत कात्री चालवली तर त्या कळ्याच जातात.

मुंबई-पुण्याच्या मित्रांनो, लायलॅकला फुलायला कडक हिवाळा लागतो, तेव्हा तिकडे रोपावर पैसे घालू नका. त्याच्याच कुळातले मोगरा, जाई, जुई आणि पारिजातक तुमच्याकडे मजेत फुलतात. तेच लावा!

#लायलॅक #परसबाग