१९७६ फॉर्म्युला वन हंगाम

१९७६ फॉर्म्युला वन हंगाम हा जागतिक अजिंक्यपद स्पर्धेचा २७वा हंगाम होता. २५ जानेवारी रोजी ब्राझीलमधील इंटरलागोस येथे तो सुरू झाला आणि १६ शर्यतींनंतर २४ ऑक्टोबर रोजी जपानमधील फुजी येथे संपला. मॅकलारेन संघाच्या जेम्स हंटने ६९ गुणांसह चालकांचे अजिंक्यपद मिळवले. फेरारीचा निकी लाउडा केवळ एका गुणाने मागे राहिला. संघांचे अजिंक्यपद मात्र फेरारीकडेच गेले.

एका गुणाच्या या अंतरामागे मैदानाबाहेरील निर्णयांचाही मोठा वाटा आहे. स्पेनमधील शर्यत हंटने जिंकली; परंतु त्याची गाडी नियमापेक्षा १.८ सेंटिमीटर रुंद भरल्याने त्याला बाद ठरवण्यात आले. जुलैमध्ये अपिलात हा विजय त्याला परत मिळाला. ब्रँड्स हॅच येथे उलटे घडले. पहिल्याच फेरीतील टकरीनंतर शर्यत थांबवून पुन्हा सुरू करण्यात आली व हंट जिंकला. पण थांबवण्याच्या वेळी तो रीतसर शर्यतीत नव्हता, असा फेरारीचा आक्षेप सप्टेंबरमध्ये मान्य झाला. त्या काळी विजेत्यास ९ व दुसऱ्यास ६ गुण मिळत. त्यामुळे हंटचे ९ गुण गेले, लाउडाचे ३ वाढले आणि तीन शर्यती शिल्लक असताना लाउडा १७ गुणांनी पुढे गेला.

दरम्यान १ ऑगस्ट रोजी जर्मनीतील सुमारे २३ किलोमीटर लांबीच्या न्युर्बुर्गरिंग मार्गावर लाउडाच्या गाडीने पेट घेतला होता. आर्तुरो मेर्झारिओ, गाय एडवर्ड्स, ब्रेट लंगर आणि हाराल्ड एर्टल या सहचालकांनीच त्याला आगीतून ओढून काढले. चेहरा भाजला होता, विषारी धुराने फुप्फुसे निकामी होऊ लागली होती. धर्मगुरूने अंतिम संस्कारही उरकले होते. तरीही दोनच शर्यती चुकवून तो १२ सप्टेंबरला मोंझा येथे उतरला आणि चौथा आला. या मार्गाच्या उत्तर वळशावर फॉर्म्युला वनची शर्यत पुन्हा झाली नाही.

सहा चाकांची टायरेल पी३४ ही याच हंगामातील नवलाई. स्वीडनमध्ये तिने पहिले दोन्ही क्रमांक पटकावले.

कॅनडा व वॉटकिन्स ग्लेन येथील विजयांमुळे हंटने अंतर तीन गुणांवर आणले. फुजी येथे मुसळधार पाऊस होता. दोन फेऱ्यांनंतर लाउडाने गाडी थांबवली. इंजिनातील बिघाडाचे कारण पुढे करण्याची संघाची तयारी होती. ती त्याने नाकारली. जिवापेक्षा पद मोठे नाही, हा त्याचा हिशेब होता, आणि त्याला भित्रेपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल. आघाडीवर असलेल्या हंटचा टायर अखेरच्या फेऱ्यांत खराब झाला. तो बदलून तो तिसरा आला व आवश्यक ते ४ गुण मिळाले. शर्यत लोटसच्या मारिओ आंद्रेटीने जिंकली. लाउडाने पुढच्याच वर्षी अजिंक्यपद परत मिळवले. हंटचे हे एकमेव अजिंक्यपद ठरले.