गावाचा चेंडू, गावाचा क्लब
खेळ आणि गाव : लेखांक ६

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवलं जातं. शेंड्याला झेंडा बांधतात आणि एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव उभं राहतं. पुढे काय होतं ते पांढुर्णा-सौंसरच्या वाचकांना सांगायला नको. बाहेरच्यांसाठी एवढंच, की पांढुर्ण्याच्या गड्यांनी दगडांच्या माऱ्यातून पळसापर्यंत पोचायचं, झेंडा तोडायचा आणि चंडीमातेच्या देवळात न्यायचा. सावरगावकरांनी त्यांना रोखायचं. पांढुर्ण्याच्या तरुणाने सावरगावची मुलगी पळवून नेली, नदी ओलांडताना दोघांवर दगड आले आणि मग दोन्ही गावं काठांवर जमली, अशी आख्यायिका त्यामागे सांगतात. १९५५पासून या दिवशी डझनभराहून जास्त माणसं दगावल्याचं सांगितलं जातं. जखमी तर दर वर्षी शेकड्यांनी होतात. जमावबंदी लागते, रुग्णवाहिका आधीच येऊन उभ्या राहतात, आणि तरी ही दगडफेक, म्हणजे गोटमार, होते.

या लेखांकाचा विषय लहान गावातले फुटबॉल क्लब हा आहे. तरी सुरुवात गोटमारीपासून केली, कारण या शतकाच्या सुरुवातीला प्रशासनाने इथे एक प्रयोग करून पाहिला होता. दगडांऐवजी रबरी चेंडू आणून ठेवले. लोकांनी ते बाजूला सारले आणि दगडच उचलले.

लोक अडाणी आणि रक्ताला चटावलेले, म्हणून प्रयोग फसला, असं म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही. झेंडा तोच राहिला, नदी तीच राहिली, दोन काठांची चुरस तीच राहिली. बदललं ते फक्त हातातलं हत्यार, आणि तेही वरून ठरवून आलं. अंगावर फेकायचा रबरी चेंडू म्हणजे कमी लागणारा दगड. त्याला स्वतःचे नियम नव्हते, त्याने जिंकायचं काय हे ठरलेलं नव्हतं, आणि तो कोणत्याही मंडळाचा, आखाड्याचा, वस्तीचा नव्हता. चेंडू गावात रुजतो कसा, याचं उत्तर दुसऱ्या गावांच्या इतिहासात शोधावं लागतं.

इंग्लंडच्या डर्बीशर परगण्यात ॲशबर्न नावाचं छोटं गाव आहे. गावाच्या मधून हेन्मोर नावाचा ओढा वाहतो. ओढ्याच्या उत्तरेला जन्मलेले ते ‘अपर्ड्स’, दक्षिणेला जन्मलेले ते ‘डाउनर्ड्स’. ईस्टरपूर्व उपवासाचा काळ सुरू होताना मंगळवारी आणि बुधवारी हे दोन काठ एका चेंडूसाठी भिडतात. चेंडू रंगवलेला, आत बुचाचा भुसा भरलेला. दुपारी दोनला तो गर्दीत टाकतात आणि खेळ रात्री दहापर्यंत चालू शकतो. दोन गोल एकमेकांपासून तीन मैलांवर. मधली दुकानं, शेतं, गल्ल्या सगळं मैदान, आणि बराचसा खेळ ओढ्याच्या थंडगार पाण्यात. नियम मोजके : कुणाचा जीव घ्यायचा नाही, चेंडू गाडीतून न्यायचा नाही, स्मशानभूमीत शिरायचं नाही. जाम नदीच्या काठच्या माणसाला हे परकं वाटणार नाही.

एकेकाळी इंग्लंडच्या अनेक गावांत असा खेळ चाले. हाडं मोडत, दुकानदार तक्रारी करत, दंडाधिकारी बंदी घालत. १८३५च्या महामार्ग कायद्याने रस्त्यावरच्या फुटबॉलला दंड लावला. बंदीने खेळ मागे हटला, पण त्याला नवं रूप आलं ते खेळणाऱ्यांनी स्वतः नियम लिहिले तेव्हा. १८५७मध्ये शेफील्डमध्ये क्लब निघाला. जगातला सर्वांत जुना फुटबॉल क्लब म्हणून तो ओळखला जातो आणि आजही खालच्या साखळ्यांत खेळतो. २६ ऑक्टोबर १८६३ला लंडनच्या एका खानावळीत काही क्लबांचे प्रतिनिधी बसले आणि फुटबॉल असोसिएशन उभी राहिली. गावाची चुरस तशीच राहिली. तिला चौकट मिळाली, वेळ मिळाली, पंच मिळाला. आणि ॲशबर्नने आपला जुना खेळही सोडला नाही.

आपल्या मुलखात हे काम सर्वांत मनापासून केलं ते कोल्हापूरने. कोल्हापूर लहान गाव नाही. पण तिथले फुटबॉल संघ शहराचे नसून पेठांचे आहेत, आणि पेठ म्हणजे आपापल्या अभिमानासकट एक गावच. संघांची नावं वाचा : पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ तरुण मंडळ. फुटबॉलच्या संघाच्या नावात तालीम कशी, असा प्रश्न बाहेरच्याला पडतो. तालीम आधीची आहे, फुटबॉल नंतरचा.

राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला जो आश्रय दिला, त्यातून कोल्हापूरच्या पेठापेठांत तालमींचं बळ वाढलं. १९१२मध्ये पूर्ण झालेलं खासबाग मैदान त्याचीच साक्ष. तालमीत लाल मातीचा आखाडा असे, पण तालीम म्हणजे फक्त आखाडा नव्हे. गणपती तिचा, शिवजयंती तिची, लेझीम-दांडपट्टा तिचा, पेठेतलं भांडण मिटवायचं ते तिच्या कट्ट्यावर. संस्थानी काळात फुटबॉल शहरात आला, राजघराण्याने त्याला हात दिला, १९४०मध्ये कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन म्हणजे केएसए स्थापन झाली. त्या वेळी तालमींना नवी संस्था काढावी लागली नाही. ज्या घरात पैलवान घडत होते, त्याच घरात त्यांनी चेंडू आत घेतला. गणपतीची वर्गणी काढणारी, मिरवणुकीत पुढे चालणारी आणि शाहू स्टेडियममध्ये ओरडणारी माणसं तीच राहिली. माझ्या मते कोल्हापूरच्या फुटबॉलचं सगळं रहस्य इथेच आहे.

थंडी पडली की केएसएची साखळी सुरू होते. वरिष्ठ गटात सोळा संघ. साखळी झाली की चषकांच्या बाद फेरीच्या स्पर्धा, आणि उन्हाळा चढला तरी दुपारच्या सामन्याला स्टेडियम भरतं. शिवाजी पेठेचा संघ मंगळवार पेठेच्या संघाशी खेळणार असेल तर त्या दिवशी दोन्ही पेठांत दुसरा विषय नसतो. यातला एकही संघ राष्ट्रीय लीगमध्ये नाही. दूरचित्रवाणीवर दिसणाऱ्या फुटबॉलच्या हिशेबात ते अस्तित्वातच नाहीत. पण अशा वातावरणात वाढलेला कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला. घरात, गल्लीत, कट्ट्यावर चेंडूचीच भाषा असेल तर एखादं पोर तिथवर पोचतं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. समर्थकांची हुल्लडबाजी, मैदानात घुसणं, हाणामारी, कधी दगडफेक. त्यापायी सामने थांबले आहेत, पोलीस बंदोबस्तात खेळवले गेले आहेत. बक्षिसांचे आकडे वाढले तसे पुढाऱ्यांचे फलक वाढले. बाहेरून, अगदी परदेशातूनही खेळाडू आणण्याची ईर्ष्या लागली तेव्हा पेठेतल्या पोराला बाकावर बसावं लागलं. चेंडूने दगड कायमचा हद्दपार होतो, असं कोल्हापूरही म्हणू शकत नाही. पण नव्वद मिनिटांच्या चौकटीत ही चुरस वर्षभर सांभाळता येते, आणि त्या चौकटीत पोरांना एक कसब येतं. एका दिवसाच्या दगडफेकीतून ते कसब येत नाही.

क्लबच बुडाला तर गाव काय करतं, हे पाहायला आता समुद्रकाठी जाऊ. इंग्लंडच्या उत्तर समुद्राच्या किनाऱ्यावर स्कारबरो नावाचं शहर आहे. वस्ती साठेक हजार, म्हणजे पांढुर्ण्यापेक्षा थोडी जास्त. उन्हाळ्यात पर्यटक, हिवाळ्यात वारा. तिथल्या क्रिकेट क्लबच्या सदस्यांनी १८७९मध्ये फुटबॉल क्लब काढला. इंग्लंडमध्ये वरच्या चार विभागांत ९२ क्लब असतात. त्यांच्याखाली शेकडो क्लबांची उतरंड आहे, तिला ‘नॉन-लीग’ म्हणतात. स्कारबरोने शंभराहून जास्त वर्षं त्या उतरंडीत काढली. १९७३, १९७६ आणि १९७७ अशी तीनदा त्यांनी नॉन-लीग क्लबांची एफए ट्रॉफी जिंकली. १९८७पासून खालच्या साखळीच्या विजेत्याला थेट वरच्या विभागात घेण्याचा नियम आला, आणि त्या वाटेने वर गेलेला पहिला क्लब स्कारबरोच. प्रशिक्षक होते नील वॉर्नॉक.

वरचं आयुष्य बारा वर्षांचं ठरलं. ८ मे १९९९, हंगामाचा शेवटचा दिवस. स्कारबरोचा सामना बरोबरीत संपला होता आणि प्रेक्षक दुसऱ्या मैदानावरच्या निकालाकडे कान लावून होते. तिकडे कार्लाइलच्या संघाला वाचायचं तर जिंकणं भाग होतं. भरपाईच्या वेळेत त्यांचा गोलरक्षक जिमी ग्लास, तोही दुसऱ्या क्लबकडून उसना घेतलेला, कॉर्नरसाठी पुढे धावला आणि त्याने गोल केला. कार्लाइल वाचलं, स्कारबरो खाली गेलं. नंतर कर्ज चढत गेलं. मैदान घरबांधणीसाठी विकून देणी भागवायचा बेत होता, पण ती जमीन खेळासाठीच वापरायची अशी जुनी अट आडवी आली. जून २००७मध्ये, सुमारे २५ लाख पौंडांच्या देण्यासकट, १२८ वर्षांचा क्लब न्यायालयात गुंडाळला गेला.

त्याच उन्हाळ्यात समर्थकांनी नवा क्लब काढला : स्कारबरो ॲथलेटिक. मालक कुणी धनिक नव्हता. समर्थकांची संस्था हीच मालक. सुरुवात इंग्लिश फुटबॉलच्या दहाव्या पायरीवरून झाली. शहरात मैदान उरलं नव्हतं, म्हणून घरचे सामने पंचवीस-तीस किलोमीटरवरच्या ब्रिडलिंग्टनला. दहा वर्षं माणसं दर पंधरवड्याला तिकडे जात राहिली. २०१७मध्ये क्लब नव्या मैदानासह स्वतःच्या शहरात परतला आणि २०२२मध्ये सहाव्या पायरीपर्यंत पोचला. इतकी वर्षं दुसऱ्याच्या गावात जाऊन आपल्या गावासाठी ओरडणं, याचं मला विलक्षण मोल वाटतं. कंपनी म्हणून क्लब बंद पडला होता, पण गावाने त्याला आपल्यापुरता बंद होऊ दिला नाही.

गोव्याची कथा याच्या शेजारी ठेवून पाहावी. वास्कोच्या साळगावकर क्लबने २०१०-११ची आय-लीग जिंकली. धेंपो तर देशातला एक अव्वल क्लब. दोन्ही खाणउद्योगातल्या घराण्यांचे. २०१६मध्ये साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग क्लब दी गोवा, या तिघांनी देशातल्या स्पर्धेच्या नव्या रचनेला विरोध करत आय-लीग सोडली. त्यांची तक्रार रास्त होती. पण राष्ट्रीय पातळीवर राहायचं की नाही हा निर्णय मालकांच्या बैठकीत झाला. मैदानावर येणाऱ्या माणसाला त्यात मत नव्हतं. स्कारबरोत आज ते आहे.

पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके ५ ऑक्टोबर २०२३पासून छिंदवाड्यातून वेगळे होऊन एका नव्या जिल्ह्यात आले. जिल्हा झाला की क्रीडा अधिकारी येतो, कधीतरी स्टेडियमचा प्रस्तावही निघतो. ते व्हायला हवंच. पण क्लब त्यातून जन्मत नाही. तो जन्मेल गणेश मंडळांतून, व्यायामशाळांतून आणि गोटमारीच्या दिवशी काठावर उभ्या राहणाऱ्या त्याच तरुणांतून. सावरगावचा एक संघ, पांढुर्ण्याचा एक, सौंसरचा एक, मोहगावचा एक. पोरं त्या त्या वस्तीतलीच, आणि पोळ्यानंतर शेतं मोकळी होतील तशी दर रविवारी साखळी. मध्य प्रदेशच्या १९७३च्या कायद्याखाली सोसायटी नोंदवायला सात माणसं पुरतात. नियमावलीत दोन गोष्टी पहिल्याच दिवशी लिहून ठेवाव्यात : वर्गणी भरणाऱ्या प्रत्येकाला एक मत, आणि मैदान कधीही विकता येणार नाही. या दुसऱ्या गोष्टीसारखी अट नसती तर स्कारबरोच्या जुन्या मैदानाचा सौदा क्लब जिवंत असतानाच होऊन गेला असता.

गोटमार यामुळे लगेच थांबेल असा दावा मी करणार नाही. शेकडो वर्षांची गोष्ट दोन हंगामांत बदलत नाही. पण ज्या पोराला सप्टेंबरपासून मे महिन्यापर्यंत सावरगावच्या नावाने खेळायला मिळतं, त्याच्या हातात गावाचं नाव राखायचा दुसरा मार्ग येतो. आणि डोकं फुटलेला मुलगा हंगामाला मुकतो, हे त्याचे सवंगडी त्याला कुणाही अधिकाऱ्यापेक्षा चांगलं समजावतील. चेंडू प्रशासनाने आणून ठेवला होता तेव्हा हे बोलणारं कुणी नव्हतं.

पुढच्या आठवड्यात नागपूर : हिस्लॉप महाविद्यालयातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१मध्ये झोपडपट्टीतल्या पोरांना घेऊन सुरू केलेला फुटबॉल, आणि मैदान नसताना संघ कसा उभा राहतो त्याची हकिकत.