गंज, गोळी आणि भाजीची पिशवी

भाईंदरला राहणाऱ्या माणसाला गंज म्हणजे काय, हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. एका अंगाला वसईची खाडी, दुसऱ्या अंगाला उत्तनचा समुद्र आणि मधे मिठागरे! अशा खाऱ्या हवेत खिडकीच्या गजांना दिलेला रंग दोन पावसाळेही धड टिकत नाही. गृहिणींना तर याच चमत्काराचे दुसरे रूप रोज विळीवर दिसते. वांगे चिरून पाण्यात टाकले नाही की काळे पडते. सफरचंदाची फोड ताटलीत राहिली की तपकिरी होते. तिच्यावर चार थेंब लिंबू पिळले की तिचा रंग टिकतो. लोखंडाचे गंजणे आणि वांग्याचे काळवंडणे यांच्या तपशिलात पुष्कळ अंतर आहे. परंतु दोहोंच्या मुळाशी आहे तो प्राणवायू. ज्याच्यावाचून पाच मिनिटे जगणे कठीण, तोच हा प्राणवायू!

त्याचे हे दुसरे रूप आपल्या शरीरातही वावरत असते. पेशी अन्नापासून शक्ती मिळवितात, तेव्हा चुलीतून ठिणग्या उडाव्यात तसे काही अतिशय चंचल कण निर्माण होतात. शास्त्रज्ञ त्यांना ‘फ्री रॅडिकल’ म्हणतात. हे कण ज्याला भिडतील त्याला बिघडवितात. म्हातारपण म्हणजे याच बिघाडांची साठत गेलेली बेरीज, अशी कल्पना अमेरिकेतील डेनहॅम हरमन यांनी १९५६ साली मांडली. शरीराने या ठिणग्या विझविण्याची स्वतःची व्यवस्था केलेली आहे. ठिणग्या फार आणि विझविणारे थोडे, अशी अवस्था झाली की तिला ऑक्सिडीकरणाचा ताण म्हणतात.

या ताणाचा कर्करोगाशी संबंध असा. प्रत्येक पेशीत डीएनएच्या रूपाने एक पोथी असते आणि पेशी दुभंगताना तिची नक्कल होते. ठिणगी पोथीवर पडली, एखादे अक्षर करपले आणि ते दुरुस्त होण्यापूर्वीच नक्कल झाली, तर चूक पुढच्या पिढीत उतरते. अशा नेमक्या जागच्या चुका साठत गेल्या म्हणजे पेशी आवरेनाशी होऊन वाढत सुटते.

रोगाची शिरगणती

हे झाले एका पेशीचे. पण हजारो माणसांत कोणाला कर्करोग होतो, कोणाला होत नाही, आणि का, हे सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही. त्यासाठी माणसे मोजावी लागतात. त्यांच्या सवयी विचाराव्या लागतात. हे रोगाच्या शिरगणतीचे शास्त्र मुंबईत फार पूर्वी रुजले, याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा.

परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली उघडले. तेथील डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४ साली तोंडाच्या कर्करोगाच्या एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. १९५५ साली संघवी, राव आणि खानोलकर यांनी तंबाखू ओढणे व चघळणे यांचा तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाशी असलेला संबंध ब्रिटनच्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात मांडला. १९६३ साली इंडियन कॅन्सर सोसायटीने देशातील पहिली लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी मुंबईत सुरू केली, आणि १९८७ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शीला खेड्यापाड्यांसाठी पहिली ग्रामीण नोंदणी निघाली. अशा नोंदणीत हद्दीला फार महत्त्व असते. मुंबईची नोंदणी मोजते ती बृहन्मुंबईच्या रहिवाशांना. दहिसरचा नाका ओलांडून आलेला भाईंदरकर परळला उपचार घेत असला तरी त्या आकड्यांत धरला जात नाही. मोजणी खरी हवी तर कोणाला मोजायचे नाही, हेही ठरवावे लागते.

मोजणीतून मौजेच्या गोष्टी कळतात. पारशी समाजात अग्नी पवित्र म्हणून धूम्रपान निषिद्ध. त्या समाजात तंबाखूमुळे होणारे कर्करोग कमी आढळले. पण त्याच समाजातील स्त्रियांत स्तनांचा कर्करोग इतरांपेक्षा अधिक दिसला. आता एखादा म्हणेल, हा त्यांच्या जेवणाचा दोष. पण तेथे लग्ने उशिरा होतात, मुले कमी होतात, आयुर्मान मोठे असते. या सगळ्यांचा त्या रोगाशी संबंध आहे. मग एकट्या जेवणावर खापर कसे फोडणार?

टाटा रुग्णालयातील रुग्णांचा अभ्यास करून नोटानी आणि जयंत यांनी १९८७ साली आहाराविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. रोज भाजी न खाणाऱ्यांत तोंडाचे व घशाचे कर्करोग अधिक आढळले. जगात इतरत्रही असेच निष्कर्ष निघत होते. १९८१ साली डॉल आणि पेटो या इंग्रज शास्त्रज्ञांनी अमेरिकेतील कर्करोगाच्या मृत्यूंपैकी सुमारे ३५ टक्के मृत्यूंचा संबंध आहाराशी असावा, असा अंदाज केला. मात्र हा आकडा १० पासून ७० पर्यंत कोठेही असू शकेल, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. ३५ सर्वांच्या लक्षात राहिले. १० आणि ७० विसरले गेले!

‘आणि’ व ‘म्हणून’

मराठी शिकविणे हा माझा व्यवसाय. दोन वाक्यांना जोडणारे ‘आणि’ हे अव्यय वेगळे आणि ‘म्हणून’ हे वेगळे, हे आम्ही वर्गात दरवर्षी घोकून घेतो. या विषयात शास्त्रज्ञांनाही तोच धडा गिरवावा लागला. ‘ही माणसे भाजी खातात आणि यांना कर्करोग कमी होतो,’ एवढे शिरगणती सांगत होती. भाजीत गाजराचा केशरी रंग देणारे बीटा कॅरोटीन असते. ते ठिणग्या विझविते. म्हणून त्याचीच गोळी करून दिली तर? विचार सरळ होता, स्वस्त होता आणि मोहक होता.

फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर हा प्रयोग झाला. चिठ्ठ्या टाकाव्या तशा पद्धतीने काहींना बीटा कॅरोटीन, काहींना ई जीवनसत्त्व, काहींना दोन्ही, तर काहींना नुसती खोटी गोळी देण्यात आली. १९९४ साली निकाल हाती आला. बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी तर झाला नाहीच. उलट १८ टक्क्यांनी अधिक झाला! हा योगायोग असेल, असे काहींना वाटले. पण अमेरिकेत १८,३१४ लोकांवर चाललेला असाच प्रयोग जानेवारी १९९६ मध्ये मुदतीपूर्वी थांबवावा लागला. तेथे बीटा कॅरोटीन आणि अ जीवनसत्त्व घेणाऱ्यांत २८ टक्के वाढ दिसली होती. पुढे ३५,५३३ पुरुषांच्या आणखी एका प्रयोगात ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेणाऱ्यांत प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग १७ टक्क्यांनी अधिक आढळला. ते वर्ष २०११.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. चीनमधील लिनशियान भागात मुळातच निकस अन्नावर राहणाऱ्या सुमारे तीस हजार लोकांच्या प्रयोगात बीटा कॅरोटीन, ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम एकत्र घेणाऱ्यांत जठराच्या कर्करोगाचे मृत्यू कमी झाले. हा निकाल १९९३ चा. तात्पर्य, ज्याच्या ताटात उणीव आहे त्याची उणीव भरून काढणे निराळे, आणि भरल्या ताटावर गोळ्यांचा भडिमार निराळा.

असे का व्हावे? ठिणगी ही केवळ वैरीण नव्हे. आपल्या पांढऱ्या पेशी जंतूंना मारण्यासाठी याच चंचल कणांचा शस्त्रासारखा उपयोग करतात. शिवाय ठिणग्या विझविणारे औषध निरोगी पेशीप्रमाणे बिघडलेल्या पेशीचेही संरक्षण करू शकते. म्हणून घरात कोणावर कर्करोगाचे उपचार चालू असतील, तर कोणी प्रेमाने आणून दिलेली ‘अँटीऑक्सिडंट’ची बाटली उपचार करणाऱ्या डॉक्टरांना दाखविल्यावाचून उघडू नये.

काखेत कळसा

आता खरी गंमत पाहा. ज्या ताणाला भिऊन आपण औषधाच्या दुकानात शिरतो, तो आपल्या घरच्या पानाच्या डब्यातच तयार होतो. सुपारीला चुना लागला की त्या क्षारात सुपारीतील द्रव्यांपासून हेच चंचल कण निर्माण होतात, आणि तेही नेमके गालाच्या आत, जेथे विडा तासन् तास धरला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली तंबाखू नसलेल्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरविले. महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. पण घरोघरच्या मिश्रीवर, तळहातावर मळलेल्या चिमटीवर आणि जेवणानंतरच्या ‘नुसत्या सुपारी’वर बंदी घालणार कोण? ती ज्याची त्यानेच घालायची. आई मिश्री लावते आणि मुलगा तिच्यासाठी गोळ्या आणतो, याला आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी याखेरीज काय म्हणावे?

मग भाजीचे काय? भाजी जरूर खावी. पण तिच्याकडून नवसाची अपेक्षा करू नये. युरोपातील दहा देशांतल्या जवळजवळ पाच लाख लोकांच्या पाहणीत, रोज २०० ग्रॅम फळे-भाज्या अधिक खाणाऱ्यांत एकंदर कर्करोगाचे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपासच कमी दिसले. हे २०१० साली प्रसिद्ध झाले. फरक लहान आहे. परंतु त्यापायी कोणाला अपाय झाल्याचे ऐकिवात नाही, जे गोळीविषयी म्हणता येत नाही. भाजीत एकच द्रव्य नसते. तंतू असतात, क्षार असतात, शेकडो रसायने असतात. आणि ताटात भाजी आली की दुसऱ्या कशाला तरी जागा कमी उरते. वसईची मेथी, लाल माठ, भोपळा, उत्तनच्या कोळणीकडचे ताजे मासे, वरण, ताक यांचे ताट कोणत्याही बाटलीत मावणारे नाही. स्वयंपाकघरातील आणखी एक दक्षता हिशेबात धरावी. बुरशी लागलेले शेंगदाणे भाजून त्यांचे कूट करण्याचा काटकसरीपणा नको. त्या बुरशीचे विष यकृताच्या कर्करोगाला कारण होते आणि ते घरच्या भाजण्याने पुरते जात नाही.

या साऱ्या संशोधनाने आपल्याला एखादे अमृत दिले नाही, अशी तक्रार कोणी करील. मला ती पटत नाही. आपलीच आवडती कल्पना तपासून पाहण्यासाठी शास्त्रज्ञांनी हजारो माणसे वर्षानुवर्षे मोजली. आकडे विरुद्ध गेले, तेव्हा ते लपविले नाहीत. परळला खानोलकरांच्या काळापासून चाललेले कामही याच जातीचे आहे. त्या कामाने सांगितलेली गोष्ट साधी आहे, आणि साधी आहे म्हणूनच ती आपल्या कानामागे पडते. आधी तोंडातली चिमूट आणि डब्यातली सुपारी सोडावी, मग भाजीची पिशवी भरावी. गोळीचा क्रमांक फार मागून लागतो, आणि बहुतेकांचा तर लागतच नाही.