इच्छामरणाची चर्चा आणि गरिबाची सही

इच्छामरणाचा विषय निघाला की आपल्याकडील प्रस्थापित लेखकांना हटकून भीष्म आठवतो. शरपंजर, उत्तरायण वगैरे सारे ओघाने येते. परंतु भीष्माला मरणाची वेळ निवडण्याचा वर होता, तो शुद्धीवर होता आणि त्याचे म्हणणे ऐकायला भोवती राजपुत्र उभे होते. अतिदक्षता विभागात तोंडात नळी घालून बेशुद्ध पडलेल्या माणसापाशी यातले काय असते? त्याला बोलता येत नाही, मान हलवता येत नाही. त्याच्या जगण्यामरण्याच्या कागदावर सही दुसराच कुणीतरी करतो. तेव्हा ज्याची इच्छा कुणालाच ठाऊक नाही त्याच्या मरणाला इच्छामरण म्हणणे ही भाषेची फसवणूक आहे. खरा प्रश्न असा की, अशा माणसाचे उपचार कुणाच्या सांगण्यावरून आणि कोणत्या कारणासाठी थांबवायचे?

येथे एक खुलासा आवश्यक आहे, कारण वकिलांच्याही बोलण्यात याबाबत गोंधळ असतो. विषारी इंजेक्शन देऊन रुग्णाला मारणे हा भारतात गुन्हाच आहे आणि त्यात कोणत्याही न्यायालयाने सूट दिलेली नाही. ज्या उपचारांचा आता उपयोग नाही ते काढून घेणे किंवा सुरूच न करणे ही वेगळी गोष्ट. तिला निष्क्रिय दयामरण म्हणतात. मेंदू मृत होणे हीदेखील वेगळी अवस्था. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने तिला मृत्यू मानले, पण ते अवयवदानाच्या संदर्भात. कोमा किंवा केवळ श्वास आणि झोप-जाग उरलेली अवस्था म्हणजे मृत्यू नव्हे. त्या अवस्थेतील माणूस कायद्याच्या दृष्टीने तुमच्याआमच्याइतकाच जिवंत असतो आणि संविधानाचे कलम २१ त्यालाही तितकेच लागू असते.

महाराष्ट्राला हा प्रश्न समजला तो अरुणा शानभाग यांच्यामुळे. कर्नाटकातील हळदीपूरहून आलेल्या या परिचारिकेवर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयातच तेथील एका कर्मचाऱ्याने हल्ला केला. कुत्र्याची साखळी गळ्याभोवती आवळली गेली, मेंदूचा प्राणवायू तुटला. हल्लेखोराला शिक्षा झाली ती चोरी व खुनाच्या प्रयत्नाबद्दल, सात वर्षांची. लैंगिक अत्याचाराचा आरोप ठेवलाच गेला नाही. तो शिक्षा भोगून सुटला आणि अरुणा वॉर्ड क्रमांक ४ लगतच्या खोलीत पडून राहिल्या. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्यांचा मृत्यू झाला, तोपर्यंत जवळजवळ बेचाळीस वर्षे.

२००९ मध्ये लेखिका पिंकी विराणी यांनी त्यांच्यासाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. न्यायालयाने तीन डॉक्टरांचे पथक पाठवून तपासणी करवून घेतली. ७ मार्च २०११ रोजी न्या. मार्कंडेय काटजू व न्या. ज्ञानसुधा मिश्रा यांच्या खंडपीठाने याचिका फेटाळली, पण त्याच निकालात निष्क्रिय दयामरणाचे दार पहिल्यांदा उघडले. अरुणांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कुणाला, या प्रश्नाचे न्यायालयाने दिलेले उत्तर मला आजही महत्त्वाचे वाटते. आईवडील हयात नव्हते. न्यायालयाने तो अधिकार विराणी यांना दिला नाही, केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला. ज्या परिचारिकांनी त्यांना भरवले, पुसले, कूस बदलून दिली आणि इतक्या वर्षांत त्यांच्या अंगाला अंथरुणाची एक जखम होऊ दिली नाही, त्या म्हणत होत्या की आम्हाला हे ओझे नाही. रक्ताच्या नात्यापेक्षा सेवेचे नाते न्यायालयाने मोठे मानले. ज्यांच्यासाठी जात आणि रक्त हीच माणसाची ओळख आहे, त्या समाजात हे घडले हे विशेष.

परंतु या खटल्यातील एक बाब चर्चेत फारशी येत नाही. केईएम हे महापालिकेचे रुग्णालय आहे. अरुणांच्या उशाशी रोज संध्याकाळी कुणी बिल ठेवत नव्हते. खाट मोकळी करण्यासाठी त्यांना दुसरीकडे हलवण्याची हालचाल एकदा झाली होती, ती परिचारिकांनी विरोध करून हाणून पाडली. म्हणून तेथे प्रश्न शुद्ध स्वरूपात विचारता आला : हे जगणे त्यांच्या हिताचे आहे की नाही? खाजगी रुग्णालयाच्या बाहेर पायरीवर बसलेल्या माणसाला हा प्रश्न असा विचारता येत नाही. त्याच्यासमोर अगोदर कॅश काउंटर असतो.

कायद्याचा प्रवास थोडक्यात सांगतो. मुंबई उच्च न्यायालयात न्या. पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने १९८६ मध्ये आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारे कलम ३०९ घटनाबाह्य ठरवले होते. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीच भूमिका घेतली. १९९६ मध्ये ग्यान कौर खटल्यात पाच न्यायमूर्तींनी ती फिरवली. जगण्याच्या अधिकारात मरण्याचा अधिकार येत नाही, मात्र नैसर्गिक शेवट जवळ आला असताना सन्मानाने मरणे हा सन्मानाने जगण्याचाच भाग आहे, असे त्यांनी म्हटले. पुढे कॉमन कॉज या संस्थेच्या याचिकेवर ९ मार्च २०१८ रोजी घटनापीठाने हा अधिकार कलम २१ मध्ये स्पष्टपणे बसवला आणि शुद्धीत असताना वैद्यकीय इच्छापत्र, ज्याला लिव्हिंग विल म्हणतात, करून ठेवण्याची मुभा दिली. पण त्यासाठीची प्रक्रिया इतकी किचकट होती की ती कुणी वापरू शकत नव्हते. २४ जानेवारी २०२३ रोजी ती सोपी करण्यात आली. आता उपचार करणारा डॉक्टर व दोन तज्ज्ञ यांचे पहिले मंडळ आणि जिल्हा आरोग्य यंत्रणेने नेमलेल्या डॉक्टरसह दुसरे मंडळ, दोन्हींनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचे, कुटुंबाची संमती घ्यायची आणि दंडाधिकाऱ्यांना कळवायचे. रुग्णाने काही लिहून ठेवलेले नसेल तरी हाच मार्ग आहे.

या सगळ्या दक्षतेमागे एक भीती आहे आणि ती २०११ च्या निकालात उघडपणे लिहिलेली आहे : मालमत्तेसाठी नातेवाईक माणसाला लवकर मारतील. भीती खोटी नाही. सातबाऱ्यासाठी भाऊ भावाचे काय करतो हे तालुका न्यायालयात बसणाऱ्या कोणत्याही वकिलाला ठाऊक आहे. पण ज्याच्या नावावर सातबाराच नाही त्याचे काय? ही सारी प्रक्रिया लोभी वारसाला अडवण्यासाठी बांधलेली आहे. खिशात पैसा नाही म्हणून हात टेकणारा वारस तिच्या डोळ्यांसमोर नाही.

तो वारस कोठे दिसतो ते सांगतो. काही वर्षांपूर्वी एक कुटुंब माझ्याकडे आले. घरातला कर्ता मुलगा बांधकामावर स्लॅबवरून पडला, डोक्याला मार लागला. जवळच्या खाजगी रुग्णालयात व्हेंटिलेटरवर ठेवले. अकरा दिवसांत बायकोचे दागिने, उसनवारी, मुकादमाची उचल सगळे संपले. बाराव्या दिवशी त्यांच्यापुढे इंग्रजीत छापलेला कागद ठेवला गेला. वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध आम्ही रुग्णाला स्वेच्छेने घरी नेत आहोत, असा त्याचा अर्थ. रुग्णालयाच्या भाषेत याला 'डामा' म्हणतात. वडिलांनी अंगठा दिला. रुग्णवाहिकेत चुलतभाऊ हाताने अँबू बॅग दाबत होता. गावाच्या वेशीजवळ त्याने हात थांबवले. सहा महिन्यांनी वडील मला विचारत होते, "साहेब, आमच्यावर केस होईल का? आम्हीच मारला का त्याला?"

केस झाली नाही, होणारही नव्हती. पण पाहा, येथे दोन तज्ज्ञ नव्हते, दुसरे मंडळ नव्हते, दंडाधिकारी नव्हते. हा मुलगा वाचण्यासारखा होता की नव्हता याचा लेखी निर्णय कुणीच दिला नाही. ज्या कागदावर 'वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध' असे लिहिले आहे तो तर उलट सांगतो की डॉक्टरांच्या मते उपचार चालू राहायला हवे होते! म्हणजे ज्याच्या बाबतीत उपचार निरुपयोगी ठरले आहेत त्याच्यासाठी दोन मंडळे, आणि ज्याच्या बाबतीत ते ठरलेलेच नाही त्याच्यासाठी एक अंगठा. हे निष्क्रिय दयामरण नव्हे. याला कायद्याच्या पुस्तकात नावच नाही. आणि रुग्णाची, त्याच्या बापाची 'स्वेच्छा' मात्र छापील आहे.

१९९६ साली, ग्यान कौर निकालानंतर दोनच महिन्यांत, सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक निकाल दिला होता. पश्चिम बंगालमधील शेतमजूर हकीम शेख रेल्वेतून पडून डोक्याला जबर मार लागलेला. सरकारी रुग्णालये एकामागून एक त्याला खाट नाही म्हणून परत पाठवत राहिली आणि शेवटी त्याला खाजगी रुग्णालयात सुमारे १७ हजार रुपये मोजावे लागले. न्यायालयाने सरकारला २५ हजार रुपये भरपाई द्यायला लावली आणि बजावले की तातडीचे उपचार न देणे हे कलम २१ चे उल्लंघन आहे, पैशांची अडचण सांगून सरकारला सुटता येणार नाही. इच्छामरणावरच्या परिसंवादात ग्यान कौरचा उल्लेख हमखास होतो. हकीम शेखचे नाव मी क्वचितच ऐकले. दोन्ही निकाल एकाच कलमाचे आहेत. उपचाराचा अधिकार ज्याला मिळालाच नाही, त्याला उपचार नाकारण्याचा अधिकार दिला असे म्हणणे म्हणजे उपाशी माणसाला उपवासाचे स्वातंत्र्य देण्यासारखे आहे.

याचा अर्थ वैद्यकीय इच्छापत्र हे श्रीमंतांचे खूळ आहे, असा कुणी काढू नये. उपयोग नसलेल्या यंत्रावर माणसाला महिनाभर ठेवून घर विकायला लावणारी रुग्णालयेही मी पाहिली आहेत. तेथे हाच अधिकार गरिबाला वाचवतो. माझी मागणी एवढीच आहे की मंडळाच्या अहवालात आणि 'डामा'च्या कागदावरही एक रकाना सक्तीचा करावा : कुटुंबाने खर्चाचे कारण सांगितले काय? सांगितले असल्यास सरकारी रुग्णालयात हलवण्याची, निर्धन रुग्ण निधीची, जनआरोग्य योजनेची माहिती त्यांना मराठीत दिली काय, कुणी दिली, कधी दिली? केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२४ मध्ये उपचार थांबवण्याबाबत मार्गदर्शक सूचनांचा मसुदा काढला, तेव्हा डॉक्टरांच्या संघटनेने डॉक्टरांवर ताण येईल म्हणून आक्षेप घेतला. पायरीवरच्या नातेवाइकांच्या वतीने आक्षेप घेणारी संघटना नाही.

आणखी एक अडचण. नवरा कोमात गेला तर त्याच्या बँक खात्यातून त्याच्याच औषधासाठी पैसे काढायला बायकोला उच्च न्यायालयात जावे लागते. कोमातील प्रौढ माणसाचा पालक नेमण्यासाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदाच नाही. अज्ञानांसाठी आहे, काही अपंगत्वांसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे, यांच्यासाठी नाही. उच्च न्यायालये कलम २२६ खाली असे आदेश देतात, पण गडचिरोलीच्या बाईने नागपूर गाठून वकील कोठून लावावा? विधिमंडळाने मनात आणले तर हे काम अवघड नाही.

तोपर्यंत वाचकांनी काही गोष्टी माहीत करून घ्याव्यात. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या आहेत आणि बिलांच्या रकमेतील २ टक्के त्यासाठीच्या निधीत टाकायचे आहेत. अनेक नावाजलेली, काचेची रुग्णालये कागदोपत्री धर्मादायच आहेत. प्रवेशाच्या वेळीच समाजसेवा अधीक्षकाला विचारा, नाही म्हणाला तर लेखी मागा आणि धर्मादाय सहआयुक्तांकडे तक्रार करा. बाराव्या दिवशी नव्हे, पहिल्या दिवशी.

वैद्यकीय इच्छापत्रासाठी वकील लागतोच असे नाही. मराठीत लिहिता येते. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही लागते. आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्यांची एकापेक्षा अधिक नावे द्यावीत. मी करून देतो त्या मसुद्यात एक वाक्य जादा घालतो : "केवळ खर्चाच्या कारणावरून माझे उपचार थांबवू नयेत, आधी मला सरकारी किंवा धर्मादाय रुग्णालयात हलवावे." प्रत घरच्यांना आणि नेहमीच्या डॉक्टरांना द्यावी, आणि एक प्रत महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीत जमा करावी. महाराष्ट्रात यासाठी चारशेहून अधिक अभिरक्षक नेमल्याचे सरकारने सांगितलेले आहे. खिडकीवरच्या कारकुनाला हे ठाऊक नसण्याची शक्यता धरून चाला. त्याने प्रत घेतली नाही तर ती स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती इच्छापत्राला टाचून ठेवा.