साथीचा माग आणि जंतूंची ओळख

पटकीची साथ आली म्हणजे मरीआईचा गाडा गावाच्या वेशीबाहेर नेऊन सोडण्याची प्रथा पूर्वी अनेक गावांत होती. साथ कोठून तरी येते आणि पुढे जाते, हे त्या प्रथेतही गृहीत होते. ती नेमकी कोठून आली, हे सांगण्याचे साधन मात्र माणसाच्या हाती नव्हते. १८८४ साली डॉ. रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात पटकीचा, स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू ओळखला आणि रोगाचे कारण कळले. परंतु दोन गावांतील रुग्णांत पटकीचाच जंतू सापडला, एवढ्यावरून एका गावाची साथ दुसऱ्या गावात गेली असे सिद्ध होत नाही. कारण एकाच जातीच्या जंतूचे अनेक वाण असतात. हे वाण ओळखण्याच्या पद्धतींचा परिचय येथे करून देत आहोत.

यांतील जुनी पद्धत रक्तद्रवाची. विशिष्ट प्रतिद्रव्ये असलेला रक्तद्रव जंतूंत मिसळला असता जंतू एकमेकांस चिकटतात व त्यावरून त्यांचा गट ठरतो. पटकीच्या जंतूचे असे दोनशेहून अधिक गट आहेत. परंतु मोठ्या साथी ओ-१ आणि १९९२ साली मद्रास येथे आढळलेला ओ-१३९ या दोनच गटांनी घडविल्या. ही चाचणी स्वस्त व झटपट होणारी आहे. तथापि १९६१ साली इंडोनेशियात सुरू झालेल्या सातव्या जागतिक साथीचे बहुतेक जंतू ओ-१ गटाचेच असल्यामुळे, उगमाचा शोध या चाचणीने पुढे सरकत नाही.

येथे रेणवीय पद्धती उपयोगी पडतात. जंतूच्या पेशीतील डीएनए हे चार अक्षरांत लिहिलेल्या पोथीसारखे असते. पटकीच्या जंतूची पोथी सुमारे ४० लाख अक्षरांची आहे. जंतूची संख्या वाढताना या पोथीच्या नकला होतात आणि क्वचित एखादे अक्षर चुकते. ती चूक पुढील नकलांत उतरते. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती असेच पाठभेद शिरल्यामुळे. ज्या दोन प्रतींत सारख्याच चुका, त्या एकाच मूळ प्रतीवरून उतरल्या असे जाणकार मानतात. प्रयोगशाळेतही याच न्यायाने विचार केला जातो.

पहिली पद्धत १९८४ साली पुढे आली. ठराविक अक्षरक्रम आढळेल तेथे डीएनए कापणारे विकर वापरून त्याचे तुकडे करतात. दिशा बदलणाऱ्या विद्युतप्रवाहाने ते जेलीसारख्या थरातून सरकविले की लांबीनुसार पट्टे उमटतात व दोन जंतूंचे पट्टे ताडून पाहता येतात. परंतु तुकड्याची लांबी तीच राहिली आणि आतील अक्षर बदलले, तर तो बदल दिसत नाही.

दुसऱ्या पद्धतीत, सामान्यतः सात, ठराविक जनुकांतील अक्षरे वाचतात. ही पद्धत १९९८ सालची. उत्तर अंकांत मिळत असल्याने दूरदूरच्या प्रयोगशाळांना तुलना करणे सोपे जाते. मात्र पोथीतील सातच ओव्या वाचण्यासारखे हे आहे. सातव्या साथीचे बहुतेक जंतू या कसोटीवर एकसारखेच ठरतात. तिसऱ्या पद्धतीत संपूर्ण पोथी अक्षरशः वाचली जाते. ती सर्वांत सूक्ष्म आहे. पण तिला यंत्रे, संगणक व प्रशिक्षित मनुष्यबळ लागते.

या पद्धतींतील फरक हैती देशात स्पष्ट झाला. तेथे शंभर वर्षांत पटकीची नोंद नव्हती. जानेवारी २०१० मध्ये भूकंप झाला आणि ऑक्टोबरमध्ये आर्तिबोनीत नदीच्या खोऱ्यात पटकी पसरली. पुढील वर्षांत आठ लाखांहून अधिक लोक आजारी पडले व सुमारे १०,००० दगावले. जंतू स्थानिक पाण्यातील की बाहेरून आलेला, यावर वाद माजला. पट्ट्यांच्या पद्धतीने जंतू दक्षिण आशियातील जंतूंशी जुळतो एवढे कळले. २०११ साली संपूर्ण डीएनए वाचल्यावर नेपाळमधील काही नमुने व हैतीचे नमुने यांत केवळ एकदोन अक्षरांचा फरक निघाला. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतील नेपाळी तुकडीची छावणी जेथे होती, त्या परिसरातील नदीकाठीच प्रथम रुग्ण आढळले होते. डिसेंबर २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी, साथीबाबत संघटनेने पुरेसे केले नाही असे सांगून, हैतीच्या जनतेची क्षमा मागितली.

यातून एक बोध ध्यानी घेण्यासारखा आहे. डीएनएच्या वाचनाने जंतूंचे नाते कळते. ते कोणत्या वाटेने आले, हे रुग्णांच्या नोंदीवरून कळते. कोण, केव्हा आजारी पडला, त्याने कोणत्या विहिरीचे पाणी प्यायले, याची तारीखवार नोंद नसेल तर महागडे यंत्रही अपुरे पडते. नोंद व तपासणी यांची जोड नसता एखाद्या वस्तीवर किंवा यात्रेकरूंवर साथ आणल्याचा ठपका ठेवणे हा अन्यायच होय.

म्हणून गावात जुलाबाची साथ दिसताच आरोग्य केंद्रास त्वरित कळवावे. रुग्णास जलसंजीवनी देण्यास क्षणाचाही विलंब करू नये. शौचाचा नमुना शक्यतो प्रतिजैविके सुरू करण्यापूर्वी घेतला जावा. नंतर जिवंत जंतू मिळणे कठीण होते. शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांनी नोंदीच्या कामी आरोग्यसेवकांना साहाय्य करावे. उगम सापडला तर तोच पाणवठा वेळीच बंद करता येतो आणि पुढील घरे वाचतात.